दिवा आपल्या दारात, उजेड शेजाऱ्याच्या घरात

लोहार चाळीत दिवा घ्यायला गेलं की दुकानदार वॉट विचारण्याआधी रंग विचारतो. "पिवळा देऊ की पांढरा?" घराबाहेर लावायचाय म्हटलं तर उत्तराची वाटही न पाहता पांढऱ्याचा खोका काउंटरवर येतो. गॅलरी, गच्ची, पार्किंग, कंपाउंडची भिंत, सगळीकडे पांढराच. त्यातही खपाचा माल म्हणजे ‘फोकस’. चपटा, चौकोनी, पाठीला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, आणि भिंतीवर ठोकायला क्लॅम्प. आतला दिवा एलईडीचा झाला तरी जुनी माणसं त्याला अजून हॅलोजनच म्हणतात. मी उभी होते तेव्हा परळच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी शंभर वॉटचे चार फोकस घेत होते, गच्चीच्या चार कोपऱ्यांसाठी. चोरीबिरी झाली का, असं विचारलं. तसं काही नव्हतं. समोरच्या इमारतीनं लावलेत, त्यामुळे आपली बिल्डिंग अंधारात दिसते, एवढंच कारण होतं.

लोहार चाळीपासून हाकेच्या अंतरावर क्रॉफर्ड मार्केट. मुंबईत विजेच्या दिव्यांचा पहिला प्रयोग झाला तो १८८२ मध्ये या मार्केटात. तेव्हा रात्री बाजार उजळून निघाला याचं शहराला अप्रूप वाटलं होतं. आज त्याच गल्ल्यांतून रोज टेम्पो भरून उजेड बाहेर पडतो आणि शहरभर जातो.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी यंदाचा विषय ‘प्रकाश’ दिला, तेव्हा घराबाहेर आपण लावतो तो उजेड नेमका पडतो कुठे, हे रात्री हिंडून बघावं असं ठरवलं. गिरगाव, लालबाग, परळ, दादर, माहीम. जे पाहिलं त्यावरून माझं एक मत पक्कं झालं आहे, ते आधीच सांगते. आकाशातले तारे दिसेनासे झाले ही या प्रश्नाची एक बाजू, आणि ती मला कमी महत्त्वाची वाटत नाही. पण उजेडाचा जाच सगळ्यात जास्त त्याला होतो, ज्याच्या घराला भिंती कमी आहेत. ज्याच्याकडे जाड पडदे आणि बंद खिडक्यांमागचा एसी आहे, त्याला समोरच्या फोकसचा पत्ताही नसतो.

गॅलरीतला दिवा कोणाचा

लालबागमधली एक चार मजली चाळ. तिच्या समोर गिरणीच्या जागेवर टॉवर उभा राहिला आहे. टॉवरखाली गाड्यांचे मजले, त्यावर बाग, आणि त्या बागेच्या कडेनं बाहेर तोंड केलेले पांढरे फोकस. बागेतल्या चालणाऱ्यांना त्यांचा उपयोग शून्य, कारण दिवे बागेकडे पाठ करून आहेत. त्यांचा सगळा उजेड चाळीच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीवर पडतो. रात्री साडेअकराला मी तिथे उभी होते. वहीत लिहायला वेगळा दिवा लागला नाही. कठड्याच्या गजांच्या सावल्या खोलीतल्या भिंतीवर, देव्हाऱ्यावर, थेट मोरीच्या पडदीपर्यंत गेल्या होत्या.

गॅलरीला आतून जुन्या साड्या दुहेरी करून बांधल्या आहेत. एका दारावर गणपतीच्या मांडवातून उरलेली निळी ताडपत्री. त्यामुळे उजेड अडतो आणि वाराही अडतो. चाळीतल्या खोलीला हवा येते ती दारातून. मे महिन्यात गॅलरीत अंथरूण टाकणं ही या घरांची जुनी सोय. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं मावत त्याचं हे एक कारण होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या एक आजी, वयानं ऐंशीच्या आसपास, मला सांगत होत्या की यजमान गिरणीत तिसऱ्या पाळीला असत, तेव्हा ते दिवसा झोपायचे म्हणून दाराला गोणपाट लावावं लागे. आता रात्री लावावं लागतं. "तेव्हा सूर्य होता ओ, त्याला कोण काय बोलणार?" असं म्हणून त्यांनी टॉवरकडे हात केला.

चाळीत दिव्याची एक रीत होती. गॅलरीतला बल्ब कॉमन मीटरवर, त्याचं बिल सगळ्यांत वाटलेलं. त्यामुळे तो कधी लागेल आणि कधी विझेल, हा सगळ्यांचा प्रश्न. या चाळीत रात्री साडेदहाला मधला बल्ब बंद होई आणि जिन्यातला तेवढा चालू राही. कोणाची मुलगी परीक्षेला बसली असेल तर महिनाभर मुदत वाढे. कोणी तान्हं बाळ घेऊन माहेरी आली असेल तर त्या दारासमोरचा बल्ब काढून ठेवत. भांडणं होतच, पण ज्याच्याशी भांडायचं तो दोन खोल्या पलीकडे राहत असे. टॉवरच्या दिव्यांबद्दल कोणाशी भांडायचं ते चाळीला कळत नाही. गेटवरचा वॉचमन म्हणतो, ऑफिसात विचारा. ऑफिसातला पोरगा म्हणतो, देखभालीचं कंत्राट वेगळ्या कंपनीकडे आहे, टायमर त्यांनी लावलाय, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा. टॉवरमधल्या एका ओळखीच्या बाईंना मी विचारलं, तर त्यांना आपल्या बागेचे दिवे बाहेर तोंड करून आहेत हेच ठाऊक नव्हतं. त्या चोविसाव्या मजल्यावर राहतात, आणि उजेड खाली आहे.

परळला टाटा मेमोरियल आणि केईएमच्या आसपास आणखी एक गोष्ट दिसते. गावाहून उपचाराला आलेली माणसं फुटपाथवर पथारी टाकतात, हे मुंबईकर वर्षानुवर्षं पाहत आलेत. जेवण, पाणी, चादरी देणारे लोक तिथे येतात आणि ते मोठं काम आहे. पण रात्री एकला त्या फुटपाथवरून चाललात तर सगळी माणसं तोंडावर ओढणी, टॉवेल, लुंगी ओढून झोपलेली दिसतील. मच्छर हे एक कारण. दुसरं कारण वर बघितलं की कळतं: आजूबाजूच्या इमारतींचे आणि दुकानांचे दिवे थेट त्यांच्या डोळ्यांवर आलेले. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला रात्रभर पापण्यांवर पांढरा उजेड घेऊन झोपावं लागतं, आणि तो दिवा ज्यांनी लावला त्यांना शटर पडल्यावर त्याचा काहीही उपयोग नसतो. हे मला फार अस्वस्थ करून गेलं.

गिरणगावानं रात्र आधीच गमावली होती

लालबागला ‘गॅस कंपनी’ हा पत्ता जुन्या लोकांच्या तोंडात अजून आहे. मुंबईत १८६५ मध्ये रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, आणि त्या गॅसचा कारखाना इथला. म्हणजे शहराचा उजेड बनत होता तो कामगारवस्तीत. पुढे वीज आली. गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि दिवस मावळला की काम संपायचं, ही सूर्यानं घातलेली मर्यादा गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या काही गिरण्यांत कामाचे तास चौदा-पंधरापर्यंत गेले होते. १९०५ साली कामगार याविरुद्ध रस्त्यावर उतरले, आणि विजेच्या दिव्यांखाली लांबलेला दिवस हे त्या असंतोषाचं एक मुख्य कारण होतं. कापड गिरण्यांतल्या पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणणारा कायदा व्हायला १९११ उजाडलं. त्यानंतर चारच वर्षांत, १९१५ मध्ये, टाटांची खोपोलीची वीज गिरण्यांकडे येऊ लागली.

त्याच काळातली आणखी एक हकीकत. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी अनेक दशकं चालू होती. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्यांच्या प्रवाहामुळे ही नाजूक मोजमापं बिघडणार हे शास्त्रज्ञांनी ओळखलं, आणि १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवलं. विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. त्रास सुरू व्हायच्या आधी त्याचा विचार झाला, ही गोष्ट मला लक्षात ठेवण्यासारखी वाटते. उजेडाच्या बाबतीत आपण तसा विचार कधी केलाच नाही.

आणि तरी त्या काळातल्या दिव्यात एक शहाणपण होतं. गिरणीत, रेल्वेच्या फलाटावर, चाळीच्या जिन्यात बल्बवर इनॅमलची टोपी असे, बाहेरून हिरवी किंवा काळी, आतून पांढरीशुभ्र. वीज महाग, बल्बचा उजेड तोकडा, म्हणून थेंबभर उजेडही वर वाया जाऊ नये यासाठी ती टोपी. गिरगावातल्या एका जुन्या वाड्याच्या जिन्यात अशी टोपी मला अजून सापडली. कडेचा इनॅमल उडालेला, पण पायऱ्या स्वच्छ दिसतात आणि जिन्याबाहेर दोन पावलांवर अंधार.

उजेड जातो कुठे

एलईडी स्वस्त झाला, तिथून बल्बवरची ही टोपी गेली. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत तीनशे रुपयांच्या पुढे असलेला एलईडी बल्ब पुढच्या दोन-तीन वर्षांत पन्नासच्या खाली आला. विजेची प्रचंड बचत झाली, आणि ज्या घरांत रात्री चिमणी होती तिथे बल्ब आला, हे निखळ चांगलं झालं. पण वीज कमी लागते म्हटल्यावर घराबाहेर जिथे एक दिवा होता तिथे पाच झाले, आणि जो दहाला विझे तो पहाटेपर्यंत राहिला.

घराबाहेरच्या दिव्याचा उजेड तीन ठिकाणी वाया जातो. काही आडवा जाऊन समोरच्याच्या खिडकीत शिरतो. काही सरळ बघणाऱ्याच्या डोळ्यात जातो आणि दिपवतो. उरलेला वर जातो, हवेतल्या धुळीवर आणि बाष्पावर आदळून विखुरतो, आणि आपल्याला आकाश उजळलेलं दिसतं. मुंबईत पावसाळ्यात हे नुसत्या डोळ्यांनी कळतं. ऑगस्टमध्ये दादरच्या टिळक पुलावर उभं राहून वर बघितलं तेव्हा ढग खालून उजळले होते, लोअर परळच्या दिशेला पांढुरके आणि रेल्वेच्या यार्डाकडे पिवळसर. ढग असले की शहराचा उजेड परत खाली फेकला जातो, म्हणून ढगाळ रात्री शहरात जास्त उजेड असतो. गावात याच्या बरोबर उलट.

पांढऱ्या दिव्यात निळ्या रंगाचा वाटा मोठा असतो, आणि निळा रंग हवेत सर्वांत जास्त विखुरतो. दिवसा आकाश निळं दिसतं त्याच कारणानं. बल्बच्या खोक्यावर बारीक अक्षरांत केल्विनचा आकडा असतो. २,७०० ते ३,००० म्हणजे पिवळसर, ६,५०० म्हणजे निळसर पांढरा. आपल्याकडे विकला जाणारा पांढरा बहुतेक ६,५०० चाच. आपल्या डोळ्याच्या पडद्यात दिसण्यापेक्षा मुख्यतः दिवस-रात्रीची नोंद ठेवणाऱ्या पेशी असतात, हे २००२ च्या सुमारास निश्चित झालं. त्या पेशी निळ्या उजेडाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. रात्री असा उजेड पडत राहिला की मेंदूला दिवसच वाटतो, आणि झोपेची चाहूल देणारं मेलॅटोनिन दबतं. पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड अर्धा लक्सही भरत नाही. रस्त्याच्या दिव्याखाली सहज दहा-वीस लक्स असतात. माणूस लाखो वर्षं त्या अर्ध्या लक्सखाली झोपत आला आहे.

सुरक्षेचं काय, हा प्रश्न प्रत्येक सोसायटीत पहिला येतो, आणि तो रास्त आहे. रात्रपाळीहून येणाऱ्या बाईला जिना दिसलाच पाहिजे. पण गेटवर शंभर वॉटचा फोकस डोळ्यांच्या रेषेत लावला की काय होतं ते प्रत्यक्ष उभं राहून बघा. दिव्याच्या मागे आणि कडेला गडद काळोख होतो, तिथे कोण उभं आहे ते दिसत नाही. डोळा अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं घेतो, आणि एका झगझगीत दिव्यानं तो सराव क्षणात जातो. परळच्या एका सोसायटीत वॉचमननं मला सीसीटीव्हीचा पडदा दाखवला: गेटसमोर पांढरा गोळा, आणि आत येणाऱ्या माणसाचा चेहरा त्या गोळ्यात हरवलेला. उजेड खाली, जमिनीवर, सारखा पसरला पाहिजे. सुरक्षा त्यानं येते.

गिरगावची कोजागिरी

गेल्या कोजागिरीला मी गिरगावातल्या एका चाळीच्या गच्चीवर होते. दूध आटवायला मोठं पातेलं, वर चारोळ्या-केशर, मुलांची गाणी, सगळं नेहमीसारखं. दुधात चंद्र दिसावा म्हणून गच्चीवरचे दिवे बंद केले. तरी गच्ची अंधारली नाही. शेजारच्या पुनर्विकसित इमारतीच्या माथ्यावर दिव्यांची पांढरी पट्टी आहे, आणि तिच्या खाली पाण्याच्या टाकीवर दोन फोकस. पातेल्यात चंद्राच्या जोडीला ते दोन चौकोनही दिसत होते. दोन तरुण खाली जाऊन सांगून आले. दिवे मीटर रूममध्ये, किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर घरी. दूध पिऊन झालं.

चाळीतले एक निवृत्त शिक्षक मुलांना दुर्बिणीतून चंद्रावरचे डाग दाखवत होते. ते म्हणाले, चंद्र काय, कुठूनही दिसतो. खरी परीक्षा कृत्तिकांची. कार्तिकात दिवस मावळल्यावर पूर्वेला तो लहानसा पुंजका वर येतो, आणि कार्तिकी पौर्णिमेचा चंद्र त्याच्या जवळ असतो. त्यांच्या लहानपणी याच गच्चीवरून त्यातले सहा तारे मोजायची पैज लागे. आता तो पुंजका कुठे आहे हे ठाऊक असेल आणि हवा स्वच्छ असेल, तर डोळे ताणून काहीतरी धुरकट दिसतं. आकाशगंगा बघायची तर मुंबईतले हौशी लोक वांगणीला जातात. खगोल मंडळासारख्या संस्थांनी तिथे रात्र-रात्र जागून कितीतरी मुलांना आकाश दाखवलं. पण वांगणीभोवतीही आता वस्ती वाढते आहे आणि क्षितिजाकडचं आकाश उजळत चाललंय.

२०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या २०११ ते २०२२ मधल्या हजारो नोंदी तपासल्या होत्या. रात्रीचं आकाश वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळतं आहे, असं त्यातून निघालं. मूल जन्मलं तेव्हा अडीचशे तारे दिसत असतील, तर ते अठरा वर्षांचं होईपर्यंत शंभरच उरतात, इतका हा वेग आहे. गिरगावातल्या मुलांच्या वाट्याला मुळातच अडीचशे आलेले नाहीत.

झाडांवरच्या माळा आणि कायदा

२०२२ च्या अखेरीस मुंबईच्या सुशोभीकरणाची मोहीम सुरू झाली. पुलांच्या कठड्यांना, दिव्यांच्या खांबांना आणि झाडांच्या खोडांना रंगीत एलईडीच्या माळा गुंडाळल्या गेल्या. दादरला, परळला अनेक जुनी झाडं रात्रभर जांभळी-हिरवी दिसू लागली. मग सोसायट्यांनीही आपल्या कंपाउंडमधल्या आंब्या-अशोकाला तेच केलं. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं झाडांवरच्या कृत्रिम रोषणाईविरुद्धच्या जनहित याचिकेवर राज्य सरकारला आणि मुंबई, ठाणे, मीरा-भाईंदर महापालिकांना नोटीस काढली. आधार होता १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्याचा. त्यानंतर मुंबई महापालिकेनं झाडांवरचे दिवे उतरवायला घेतले. हिंदू कॉलनीत एका पर्जन्यवृक्षाच्या खोडावर माळेच्या तारेचे वळ मी पाहिले. साल तारेवरून चढायला लागली होती.

घराबाहेरच्या दिव्याला मात्र कायद्याचं नीट बंधन नाही. आवाजाला आहे: २००० च्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. हवेच्या कायद्यात १९८७ मध्ये आवाजही प्रदूषक म्हणून घातला गेला. उजेड कुठेच नाही. मरीन ड्राइव्हवर एका जिमखान्याच्या मैदानातले प्रकाशझोत घरात येतात, अशी तक्रार एका रहिवाशानं काही वर्षांपूर्वी चिकाटीनं लावून धरली आणि ती जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत गेली. पण किती लक्स म्हणजे जास्त, हे लिहिलेलंच नसेल तर अधिकारी मोजणार कशाच्या आधारावर? फ्रान्सनं २०१३ पासून दुकानं-कचेऱ्यांच्या दिव्यांना रात्रीची वेळ घालून दिली आणि २०१८ मध्ये दिव्याच्या दिशेचे, रंगाचे नियम केले. अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफ गावानं १९५८ मध्येच सर्चलाइटवर बंदी घातली, कारण जवळ वेधशाळा होती. मुंबईलाही अशी नियमावली हवी. ती आवाजाच्या नियमांइतकी सोपी असावी: रात्री दहानंतर तुमचा दिवा दुसऱ्याच्या खिडकीत दिसता कामा नये.

रंगाबाबत मुंबईनं एकदा आवाज उठवला होता, हे विसरू नये. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हचे सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा ‘राणीचा हार’ म्हणून ओळखली जाणारी ती रांग गेली म्हणून लोक रागावले, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं, आणि पुढे तिथे पिवळसर एलईडी आले. तेव्हा मुद्दा सौंदर्याचा होता. तो झोपेचाही आहे, हे तेव्हा फारसं कोणी बोललं नाही.

पेंचला जमलं

महाराष्ट्रात अंधार परत आणल्याचं उदाहरण आहे, आणि ते आकाशासाठी केलेलं असलं तरी काम सगळं दिव्यांवर झालं. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून जास्त रस्त्याचे आणि सार्वजनिक दिवे बदलले. नवे दिवे जमिनीकडे तोंड करून आहेत. रस्ते अंधारात गेले नाहीत. उजेड पायाखाली आला आणि आकाश मोकळं झालं. लालबागला आकाशगंगा दिसणार नाही, हे उघड आहे. पण दिव्याचं तोंड फिरवायला वाघ किंवा जंगल लागत नाही.

कंदिलाचा यात दोष नाही

दिवाळी अंकात हे लिहिताना मला स्पष्ट सांगायचंय की माझी तक्रार दिवाळीच्या दिव्यांबद्दल नाही. माहीमच्या कंदील गल्लीत जाऊन बघा. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, खाली झिरमिळ्या, आत एक लहान बल्ब. कागद उजेड गाळतो, रंग देतो, डोळ्याला टोचत नाही. गॅलरीभर एकसारखे कंदील लावलेली गिरगावातली चाळ रात्री रस्त्यावरून बघावी. खोलीत झोपलेल्याला त्याचा त्रास होत नाही. आश्विनातल्या अमावास्येची रात्र ही वर्षातल्या काळ्याकुट्ट रात्रींपैकी एक, आणि पणती शोभते ती त्या काळोखामुळे. शिवाजी पार्कला दिवाळीत रोषणाई बघायला लोटणारी गर्दी मी पाहिली आहे, पोरांचे चेहरे पाहिले आहेत, ते आनंदाचे दिवस आहेत.

बिघडतं ते नंतर. इमारतीच्या माथ्यापासून तळापर्यंत सोडलेल्या सिरीज भाऊबीजेला उतरत नाहीत. तुळशीच्या लग्नापर्यंत राहू दे, मग नाताळ, मग थर्टीफर्स्ट. दादरच्या एका डेकोरेटरच्या माणसानं सांगितलं की पूर्वी ते माळा भाड्यानं देत, तेव्हा परत घ्यायची तारीख ठरलेली असे. आता सोसायट्या माळा विकतच घेतात, त्यामुळे उतरवायची मजुरी द्यायला कोणी तयार नसतं.

वायरमन शिडीवर

दादर पश्चिमेला, शिवाजी पार्कजवळच्या एका जुन्या तीन मजली सोसायटीत यंदा दिव्यांची तोंडं फिरवायचं काम झालं. सुरुवात एका भांडणातून झाली. गच्चीवरच्या चार फोकसांपैकी एक मागच्या इमारतीतल्या बाळंतिणीच्या खोलीत जात होता. तिचे सासरे तक्रार घेऊन आले आणि थोडी बाचाबाची झाली. मग कमिटीतल्या एका बाईंनी, त्या बँकेतून निवृत्त झालेल्या, लाईटबिल काढून हिशेब मांडला. शंभर वॉटचे चार फोकस बारा तास म्हणजे रात्रीला ४.८ युनिट, महिन्याला १४४. ते वीस वॉटचे केले आणि संध्याकाळी सहा ते अकरा लावले, तर रात्रीला ०.४ युनिट, महिन्याला १२. बाळंतिणीच्या झोपेवर जे एकमत होत नव्हतं ते बेस्टच्या बिलावर झालं.

काम दुपारभराचं होतं. वायरमननं क्लॅम्पचे नट सैल करून फोकसची काच सपाट जमिनीकडे फिरवली. आधी ती पंचेचाळीस अंशांत बाहेर बघत होती. मग गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची टीचभर उंचीची टोपी कापून तीन बाजूंना रिव्हेट मारले, म्हणजे कडेनं उजेड निसटू नये. ६,५०० केल्विनचे दिवे जाऊन ३,००० चे आले. लोहार चाळीत ते मागितले की मिळतात, मागावे मात्र लागतात. जिन्यात सेन्सरचे नऊ वॉटचे बल्ब बसवले. पहिल्या रात्री सेन्सर उंदरानंही पेटत होता, मग वायरमननं त्याची कक्षा कमी केली. मीटर रूममध्ये टायमर बसला आणि त्याची किल्ली सेक्रेटरींकडे न ठेवता तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाकडे ठेवली, कारण रात्री कोणाला अडचण आली तर दार वाजवता यावं.

संध्याकाळी मी परत गेले. गच्चीवर मुलं क्रिकेट खेळत होती, चेंडू दिसत होता. मागच्या इमारतीतली खिडकी काळी होती. गेटवर वॉचमननं खुर्ची दिव्याखालून काढून बाजूला ठेवली होती. इथून रस्त्याचं टोक दिसतं, म्हणाला.

वार्षिक सभेत ठराव झाला. दिवाळीच्या पाच दिवसांत रोषणाई रात्री बारापर्यंत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी माळा खाली, उतरवायची मजुरी आधीच खर्चात धरलेली. गच्चीचे दिवे वर्षभर अकराला बंद. आजूबाजूच्या तीन सोसायट्यांना आणि कोपऱ्यावरच्या जिमला ठरावाची प्रत पाठवली. जिमचं उत्तर आलेलं नाही, त्यांची पाटी अजून रात्रभर जळते. एका सोसायटीनं ‘विषय पुढील सभेत घेऊ’ असं कळवलं. दुसरीनं वायरमनचा नंबर मागितला.